नेताजीचें गुपित

ऐतिहासिक कादंबरी आणि गुप्त कट यांची मैत्री आपल्याकडे जुनी आहे. एखादें भुयार, सांकेतिक बोली आणि मध्यरात्रीं घेतलेली बेलभंडाऱ्याची शपथ एवढें साहित्य जमलें, कीं कोणताही राजा गुप्त मंडळाचा सूत्रधार होऊन बसतो. शिवछत्रपतींच्या वाट्यासही हें आलें आहे. त्यांतील आम्हांस विशेष विचारार्ह वाटणारा प्रकार सरनोबत नेताजी पालकराचा. खालापूर तालुक्यांतील चौक हें त्याचें गांव म्हणून ओळखलें जातें.

इतिहास कडू आहे. १६६६ च्या आरंभीं पन्हाळ्याच्या स्वारींत नेताजी वेळेवर पोंचला नाहीं आणि महाराजांनीं त्यास दूर केलें. तो विजापूरकरांकडे व तेथून मिर्झाराजांच्या खटपटीनें मोंगलांकडे गेला. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबानें त्यास कैद करविलें. १६६७ त नेताजीचा मुहम्मद कुलीखान झाला व त्याची रवानगी काबुलाकडे झाली. १६७६ त तो परतला, आणि महाराजांनीं त्यास शुद्ध करून घेतलें.

हें सारें राजा व सेनापति यांनीं आधींच योजिलेलें कारस्थान होतें, असें कल्पक मंडळी सांगतात. कल्पना मोहक खरी. पण तिची किंमत पाहावी. नेताजीचा अपराध पुसला जातो, आणि त्याबरोबरच त्याचा संताप, परमुलखांतील एकलेपणा व परत फिरण्याचें धैर्य हींही पुसलीं जातात. महाराजांचें तर त्याहून अधिक नुकसान होतें. हुकुमाप्रमाणें परतलेल्या हेरास क्षमा करण्याचा प्रश्नच येत नाहीं. त्यास बक्षीस द्यावयाचें असतें. ज्या काळीं बाटलेल्यास स्वजनांचें दार बहुधा बंदच होई, त्या काळीं राजानें तें उघडलें, ही गोष्ट मग केवळ हिशेबाची पूर्तता ठरते.

राजनीतीस गुप्तता वर्ज्य आहे काय? मुळींच नाहीं. याच तालुक्यांत उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं घाट उतरून आलेल्या कारतलबखानाची फौज तेथील रानांत दबा धरून बसलेल्या मावळ्यांनीं कोंडली व खान शरण आला. पण ती गुप्तता शत्रूपासून होती. कादंबरीकाराची गुप्तता माणसास त्याच्या स्वतःच्याच कृत्यापासून दडविते.

कल्पनेस मज्जाव करावा, असें आमचें म्हणणें नाहीं. काबुलाकडील वर्षांविषयीं आपल्या बखरी फारसें बोलत नाहींत. तेथें लेखकानें खुशाल शिरावें. 'मुहम्मद कुलीखान' अशी हाक आल्यावर हा मनुष्य किती दिवसांनीं वळून पाहूं लागला, हें आम्हांस वाचावयाचें आहे.