अंगी लागणे

खाण्यापिण्याविषयी मराठीत जे शब्दप्रयोग आहेत, त्यांत ‘अंगी लागणे’ याच्याइतका शहाणा शब्दप्रयोग मला दुसरा आढळलेला नाही. जेवणे वेगळे आणि जेवलेले अंगी लागणे वेगळे, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या एखाद्या किरकोळ नातवाकडे पाहून आजी हळहळते : खातो चांगला, पण मेल्याच्या अंगी लागत नाही. शेजारच्या पाटावरून आजोबा उत्तर देतात, अगं, खाण तशी माती. त्याच्या बापाची तरी काठी कुठे मोठी आहे! चार माणसे हसतात आणि चिवड्याची परात पुढे सरकते.

सुखवस्तू घरात या दोहोंपैकी खरे कोण याने काही अडत नाही. तीच वाक्ये दुसऱ्या एखाद्या घरात उच्चारली गेली, की त्यांना निकालपत्राचे वजन येते.

मी कुर्ल्याला राहतो. आमच्याकडची मिठी नदी नावापुरतीच मिठी. २६ जुलै २००५ रोजी ती घराघरांत शिरली तेव्हा साऱ्या मुंबईला तिची ओळख पटली. एरवी ती गावची घाण मुकाट्याने वाहून नेते. यंदाच्या पावसाळ्यात एका परिचित अंगणवाडीसेविकेबरोबर मी तिच्या काठाजवळच्या एका गल्लीत गेलो होतो. बाईंनी एका मुलीला मोजपट्टीशी उभे केले. वय चार वर्षे पुरी, उंची ९१ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात या वयाच्या मुलीची मधली उंची १०२.७ आहे आणि ९४.१ च्या खाली मूल खुरटलेले समजतात. बाप दारातच उभा होता. तो म्हणाला, “आमच्यात सगळे असेच हो काका. अंगकाठीच तशी.” आई भांडी घाशीत होती. मान वर न करता ती सेविकेला म्हणाली, “खाते हो ताई, पण पंधरवड्याला जुलाब. अंगाला लागणार कसं?”

उंबऱ्यापुढच्या गटारातून नळाच्या पाइपांची जुडी गेली होती. पाणी दिवसातून थोडा वेळच येते. ते चालू असते तोवर पाइपात दाब असतो. बंद झाले की दाब उतरतो आणि सांध्यासांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणजे जे गटारात आहे ते उद्या सकाळी हंड्यात.

बाप खोटे बोलत नव्हता. उंची आनुवंशिक असते यात शंका नाही. २०२२ साली पन्नास लाखांहून अधिक माणसांच्या गुणसूत्रांची छाननी होऊन उंचीशी संबंध असलेल्या बारा हजारांहून अधिक जागा सापडल्या. पण दोन शेजाऱ्यांत एक उंच आणि एक बुटका का, हा प्रश्न निराळा. एक सबंध वस्ती बुटकी का, हा निराळा. दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा १९९७ ते २००३ या काळात झाली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दक्षिण दिल्ली अशा सहा ठिकाणची, आईच्या दुधावर वाढलेली, बऱ्या स्थितीतली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली गेली. लहान वयात त्यांच्या वाढीत ठिकाणाठिकाणांचा फरक फारच थोडा निघाला. दिल्लीची पोर नॉर्वेच्या पोरीबरोबरीने वाढते. मात्र तिला तसे घर मिळावे लागते. २००६ चे कोष्टक याच मुलांवरून बनले.

शिवाय ‘आमच्यात सगळे असेच’ यातला वारसा रक्ताचाच असतो असे नाही. खुरटलेली मुलगी मोठी होऊन आई होते, तेव्हा तिचे मूल बहुधा लहानखुरे जन्मते. दोन-तीन पिढ्या हे चालले की बाहेरून पाहणाऱ्याला ती कुळाची ठेवण वाटते. कर्जही बापाकडून मुलाकडे येते. म्हणून काही कोणी ते रक्तात असल्याचे म्हणत नाही.

या प्रश्नावर सर्वांत जोरदार वाद आपल्या पुण्यात झाला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरींचा हिशेब धरून देशातले दारिद्र्य मोजले. त्यावर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे उभे राहिले. संख्याशास्त्रातला हा मोठा माणूस, जागतिक अन्न व शेती संघटनेत वीस वर्षे काढून परतलेला. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत थोडक्यात भागवून घेते. तेव्हा सरासरीची काठी लावून उपाशी माणसे मोजू नका. १९८२ साली डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ते आणखी पुढे नेले : किंचित खुरटलेली मुले लहान आहेत, पण निरोगी आहेत. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी पुढच्या वर्षी विचारले, की हे फक्त गरिबांनाच का लागू? मला हा प्रश्न त्या साऱ्या वादातला सर्वांत सरळ वाटतो. आपला नातू मधल्या उंचीच्या बारा सेंटिमीटर खाली गेला, तर आपण ‘लहान पण निरोगी’ म्हणून स्वस्थ बसतो, की बालरोगतज्ज्ञाची वेळ घेतो?

मात्र सुखात्म्यांवर अन्याय होऊ नये. घाणेरडे पाणी आणि पोटाचे विकार खाल्लेले वाया घालवतात, हेही ते आग्रहाने सांगत. म्हणजे ते त्या आईच्याही बाजूचे होते.

लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस तेच शोषून घेतात. जंतूंचा मारा सतत चालू राहिला की ही मखमल झिजते, आतड्याची भिंत पाझरू लागते, आणि जी शक्ती हाडे वाढवण्यात जायची ती जंतूंशी झुंजण्यात जाते. जुलाब नसतानाही हे चालू असते. ही ठेवण पूर्वेकडच्या लोकांची जन्मजात असावी, अशी शंका घ्यायला जागा होती. पण १९६० नंतर पाकिस्तानात सेवेसाठी आलेल्या धडधाकट अमेरिकन तरुणांच्या आतड्यांतही तीच झीज दिसली आणि मायदेशी परतल्यावर ती हळूहळू भरून आली. बीज तेच, पाणी बदलले.

आणि जेथे बीजाचा दोष खरोखरच सापडला, तेथे काय दिसले? ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मुलांत, भुकेशी संबंध असलेल्या एका जनुकात एका अक्षराचा फरक असला तर अमीबाची लागण जवळजवळ चौपट होते, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. पण अमीबा पोटात जाणारच नसेल तर ते जनुक बिचारे काय करील?

हे सारे सोपे मात्र नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे संडास, साबण, औषध घातलेले पाणी देऊन पाहिले. २०१८ साली निकाल आले, तर मुलांची उंची त्याने वाढली नव्हती. पूरक आहाराने थोडी वाढली. साबणाची वडी नि क्लोरीनची बाटली देऊन भागत नाही, सबंध गल्लीच बदलावी लागते, असा त्याचा अर्थ पुष्कळ जण लावतात. मलाही तो पटतो. पण तो खर्चाचा अर्थ आहे, आणि खर्चाचे नाव निघाले की ‘अंगकाठीच तशी’ हे वाक्य फार गोड वाटू लागते.

म्हणून मला प्रश्न शास्त्राचा कमी आणि न्यायाचा अधिक वाटतो. संशयाचा फायदा द्यायचा कोणाला? दोष पाण्याचा धरला आणि तो रक्ताचा निघाला, तर आपले काही पाइप आणि काही डाळ खर्ची पडेल. तरी ते पाणी कोणीतरी पिईलच. दोष रक्ताचा धरला आणि तो पाण्याचा निघाला, तर मुलीची पहिली दोन-तीन वर्षे गेलेली असतात. उंची त्यातला दिसणारा भाग. त्याच काळात मेंदूही घडत असतो, आणि त्याला मोजपट्टी लावता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा ३५ मुले खुरटलेली निघाली. तीनात एक! एवढ्या साऱ्यांच्या खाणीला दोष द्यायला मोठेच धैर्य हवे.

त्या मुलीला पाठचा भाऊ आहे. सेविकेने त्याचीही लांबी मोजली. ती ठीक भरली. तो सहा महिन्यांचा झाला होता, आणि त्याच आठवड्यात त्याला वरणाचे पाणी चाटवायला सुरुवात केली होती.