शंकासमाधान : लेकीच्या हातचा गणपती

शंका : आमचे मूळ घर राजापूरकडचे. आजोबांपासून आमच्याकडे गणपती विकत आणत नाहीत, शाडू आणून घरीच करतात. डोंबिवलीला आल्यावरही मी ते सोडलेले नाही. माझी दहा वर्षांची मुलगी उंदीर आणि मोदक करते. गेल्या वर्षी तिने हट्टाने सोंड केली, ती बेढब झाली. ती झोपल्यावर मी सोंड काढून नीट बसवली. सकाळी तिने पाहिले, बोलली काही नाही. पण पुढे मातीला हात लावला नाही. बेढब मूर्ती पूजेला चालते का? की माझेच चुकले?
– एक वाचक

समाधान : चालते. कुठल्याही मंगलकार्याच्या आरंभी आपण चिमूटभर तांदळांवर सुपारी ठेवून तिच्यावर गणपतीचे आवाहन करतो. त्या सुपारीला ना सोंड, ना कान; तरी पूजा पोचते असे आपण मानतो. मग सोंड थोडी वाकडी झाली म्हणून देव अडून बसेल कसा? मूर्ती देखणी असावी ही हौस आहे, आणि हौस असावीच. पण देवपण येते ते प्राणप्रतिष्ठेने, घोटाईने नव्हे.

दोष मूर्तीत नव्हता, रात्रीच्या दुरुस्तीत होता. मुलीला त्यातून कळले ते एवढेच, की आपले काम बाबांना पसंत नाही आणि ते तोंडावर सांगतही नाहीत. सोंड खरोखरच सुटण्यासारखी असेल तर तिच्यादेखत सांगा. जोडायच्या दोन्ही बाजूंना काडीने रेघा मारायच्या, पातळ कालवलेला शाडू लावायचा, मग दाबून धरायचे. नुसती वरून चिकटवलेली सोंड वाळताना तडकते, हे तुम्हालाही कुणीतरी हात धरूनच शिकवले असेल. घराण्याची रीत पुढे जाते ती अशी. तयार मूर्ती समोर ठेवून जात नाही.

शंका : वाळत ठेवलेल्या मूर्तीचा हात मोडला, तर घरातली मोठी माणसे अपशकुन मानतात. काय करावे?

समाधान : प्राणप्रतिष्ठेआधी ती माती आहे. हात जोडा, नाहीतर नवा करा. मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवली आणि जाड भाग आतून पोकळ ठेवला, तर असे प्रसंग कमी येतात. प्रतिष्ठेनंतर मूर्ती भंगली तर उत्तरपूजा करून विसर्जन करावे, असा प्रघात आहे. तेव्हाही भिण्याचे कारण नाही. मुलीसमोर ‘तुझ्यामुळे झाले’ हे शब्द मात्र कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. मोडलेला हात जोडता येतो, तो शब्द परत घेता येत नाही.

शंका : पूजेला मुलीने बसावे का? तिची मुंज नाही, असे नातेवाईक म्हणतात.

समाधान : चतुर्थीच्या आदल्याच दिवशी, तृतीयेला, हरितालिका असते. त्या दिवशी बायका आणि कुमारिका स्वतः वाळूचे शिवलिंग करतात आणि स्वतःच पूजतात. तृतीयेला चालणारे हात चतुर्थीला का चालू नयेत, हे त्या नातेवाइकांनाच विचारा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने तर स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, आणि त्या आज लग्ने लावतात. घरात फारच ओढाताण होत असेल तर प्राणप्रतिष्ठेचे मंत्र तुम्ही म्हणा. पंचामृत, दूर्वा, एकवीस पत्री आणि नैवेद्य तिच्या हातून होऊ द्या. एकेका पत्रीचे नाव सांगत ती वाहायला लावलीत, तर सकाळ कशी सरली ते कळणार नाही.

शंका : विसर्जनाच्या वेळी ती फार रडते. मूर्ती ठेवून द्यावी का? घरी बादलीत विसर्जन केले तर ती माती पुढच्या वर्षी वापरावी का?

समाधान : मूर्ती ठेवू नये. जे आपण केले ते आपल्याच हाताने सोडायचे, हे या व्रताचे मर्म आहे. तिला रडू द्या, समजावण्याची घाई करू नका. उत्तरपूजेनंतर विरघळलेला शाडू पुन्हा माती झाला. तो गाळून, वाळवून पुढच्या मूर्तीला वापरायला हरकत नाही. कोकणात विसर्जनाच्या जागची मूठभर वाळू पाटावर घालून घरी आणतात, तो भाव याहून वेगळा नाही. ती माती डब्यात भरून जपायचे काम मुलीकडे द्या. म्हणजे पुढच्या श्रावणात मातीची आठवण तीच करून देईल. आणि तेव्हा सोंड तिच्याकडे सोपवा. उंदीर तुम्ही करा.