उपास कोणता करावा?

भस्म बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळता, 40 दिवस आपण उपास पाळतो. याच दिवसांत सिल्लोडकडे रब्बीची सोंगणी असते व ऊनही तापू लागते. म्हणून आमची विनंती अशी की, विळा चालविणाऱ्याने, गर्भवतीने, अंगावर पाजणाऱ्या मातेने व मधुमेह्याने अन्नपाणी सोडून शरीरास क्लेश देऊ नयेत. शरीर हे देवाचे मंदिर आहे. त्यांनी तंबाखू, विडी व परनिंदा वर्ज्य करावी. जे धडधाकट आहेत त्यांनी एक वेळचे जेवण सोडावे. मात्र वाचलेले धान्य कणगीत न ठेवता, ज्याची चूल पेटली नाही त्याच्या घरी पोहोचवावे. यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायाची शिकवण हीच आहे. आपल्याला तसा उपास करण्याचे सामर्थ्य प्रभू देवो.