चांगल्या दिवसाची शिक्षा

मनाच्या आजाराचे टक्के कसे काढायचे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही आहे; पण बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांचा दाखला लागतो. स्वतःची निगा, नातीगोती, संवाद, काम आणि आजाराचा काळ यांना गुण देतात. (आम्हा शिक्षकांना हे उलटेच वाटते : जास्त गुण म्हणजे जास्त अपंगत्व!) रुग्ण तपासणीला आंघोळ करून आला, नीट बोलला, की गुण घटण्याची धास्ती. दाखला नाकारला तर कलम 59 प्रमाणे अपील करता येते. पण अर्ज नेटका लिहिला तर लोक म्हणतात, ‘एवढं सुचतं, मग आजार कसला?’

मग हक मागताना चांगला दिवस लपवावा का? मला ते पटत नाही. अपिलात तो दिवस लिहावाच. आणि त्यानंतर अंथरुणात गेलेले दिवसही मोजून लिहावेत.