एका रात्रीचं देऊळ

हे वाचताना घाई नको. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा, पान उलटं करून ठेवा. पाठ टेकायला जागा असेल तर टेका. बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग अधांतरी ठेवून बसला असाल, तरी चालेल. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता एक काम आठवा. या वर्षी करायचं ठरवलेलं, आणि मागच्या वर्षीही ठरवलेलं. यादी नको, एकच. ज्याचं नाव मनात आलं की मन हळूच दुसरीकडे वळतं, ते.

आलं? त्याला लगेच हात लावायचा नाही. त्याच्याजवळ थोडा वेळ नुसतं बसायचं आहे.

माझं सांगते. मी अंबरनाथला राहते, आई बदलापूरला, कुळगावात. एका स्टेशनचं अंतर, आठ किलोमीटर. आईला जात्यावरच्या ओव्या येतात. काही तिच्या आईच्या, काही सासूच्या, दोन-चार तिच्या स्वतःच्या. त्या लिहून घ्यायच्या म्हणून मी एक लांब वही आणली, त्याला चार वर्षं झाली. पहिल्या पानावर फक्त तारीख आहे. या चार वर्षांत मी आईकडे गेले नाही असं नाही. जवळजवळ दर आठवड्याला जाते. तिची औषधं आणते, पासबुक भरून आणते, गॅसचा नंबर लावते. वही पिशवीत असते आणि पिशवीतूनच परत येते.

याला मी आळस म्हणत होते. पण आळशी माणूस औषधं आणायला उन्हातून जात नाही. मग एका संध्याकाळी वही निम्मी बाहेर काढली आणि छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं. ओव्या उतरवून घ्यायच्या म्हणजे त्या म्हणणारी एक दिवस नसेल, हे कबूल करायचं. मी वही आत सरकवली. लगेच बरं वाटलं. त्या बरं वाटण्यावर माझी चार वर्षं गेली.

टिमथी पिचिल आणि फ्युशा सिरॉय हे मानसशास्त्रज्ञ चालढकलीबद्दल हेच सांगत आले आहेत. वेळेचं गणित चुकतं म्हणून माणूस काम ढकलतो असं आपण समजतो. खरं तर कामाबरोबर येणारी एखादी नकोशी भावना त्याला तेवढ्यापुरती टाळायची असते. हे वाचलं तेव्हा मला स्वतःची पहिल्यांदा दया आली, आणि राग थोडा ओसरला.

तुमच्या कामाच्या उंबऱ्यावर काय बसलं आहे? रक्ततपासणीचा रिपोर्ट काय येईल याची धास्ती? चाळिशीत परीक्षेचा फॉर्म भरून पुन्हा नापास होण्याची लाज? जमिनीच्या वादात बोलणं तुटलेल्या भावाला आपणच आधी फोन करायचा, याचा जड संकोच? पाहा त्याच्याकडे. हाकलू नका. त्याला त्याच्या नावानं मनातल्या मनात एकदा हाक मारा. मग थोडं थांबा.

आता माझ्याबरोबर अंबरनाथच्या शिवमंदिरात चला. सकाळी लवकर, गर्दी नसताना. कडेनं वालधुनी वाहते. तिच्या पाण्याची दशा पाहून जीव तुटतो. तिची काळजी घ्यायचं काम किती पिढ्यांनी पुढच्यांवर सोडलं असेल. काळ्या दगडाच्या भिंतींवरची शिल्पं डाव्या हाताला ठेवत सभामंडपात या. गाभारा समपातळीवर नाही, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. एकेक पायरी सावकाश उतरा. दगड गार आहे, ओलसर आहे. खाली पिंडीपाशी उभं राहून वर पाहा. वर छत नाही, आकाश आहे.

इथं लहानपणापासून ऐकलेली कथा अशी की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, आणि उजाडलं म्हणून वरचं काम राहून गेलं. मला ही कथा प्रिय आहे. पण देवळातला शिलालेख शके ९८२ चा आहे, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. अभ्यासक मानतात की काम सुरू झालं ते त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत. मधे नागार्जुन हा तिसरा भाऊ गादीवर येऊन गेला. तीन राजवटी. पहिला दगड घडवणाऱ्या किती पाथरवटांनी शेवटचा दगड पाहिलाच नसेल. रोज सकाळी छिन्नी उचलायची, समोरच्या दगडावर त्या दिवसापुरतं काम करायचं, आणि अंधार पडला की घरी जायचं.

एकतीस डिसेंबरच्या रात्री आपण पांडव होतो. उद्यापासून पाचला उठणं, चालणं, वाचन, गोड बंद, सगळं एकदम, उजाडायच्या आत. नव्या आरंभाला बळ असतं हे खोटं नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की नवं वर्ष, नवा महिना, अगदी नवा आठवडा सुरू होतानाही माणसं संकल्पांकडे जास्त वळतात. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आपल्या तिन्ही गावांत तर आरंभांची वाण नाही. एक जानेवारी आहे, गुढीपाडवा आहे, त्याच सुमारास उल्हासनगरात चेटीचंड, दिवाळीला पुन्हा वहीपूजन. पण पाडव्याचा जोर अक्षय्य तृतीयेपर्यंत पोचतोच असं नाही.

मुहूर्तावाचून झालेला आरंभ म्हटलं की मला उल्हासनगर आठवत राहतं. महायुद्धातली लष्करी छावणी, रिकाम्या बराकी, आणि फाळणीनंतर तिथं आणून उतरवलेली सिंधी कुटुंबं. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी शहराची कोनशिला बसवली ती ८ ऑगस्ट १९४९ ला. तोवर पडद्याआडच्या चुली कधीच पेटलेल्या होत्या. त्यांच्या हालांना मी धडा म्हणून वापरणार नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. पण मुहूर्ताची वाट पाहत बसले की मला ती चूल दिसते.

तुम्ही म्हणाल, माझ्यात शिस्तच नाही. थांबा. सकाळची ठरलेली लोकल तुम्ही किती वर्षं पकडता आहात? पावसात, तापातून उठून, रात्री तीनला झोपून. त्यासाठी मूड लागावा लागला? नाही. वेळ ठरलेली होती, प्लॅटफॉर्म ठरलेला, आणि करायचं एवढंच होतं की त्या वेळी तिथं उभं राहायचं. पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या एका लेखात याचीच बाजू मांडली होती: ‘मी हे करीन’ एवढ्यावर न थांबता, अमुक झालं की तमुक करीन असं ठरवलं तर काम हातून होण्याची शक्यता वाढते.

तर आता तुमचं काम पुन्हा समोर घ्या. उंबऱ्यावरचं ते जे कोणी आहे, ते तिथंच असू द्या. वर्ष विसरा. फक्त एक वार निवडा, आणि रोज घडणारी एखादी गोष्ट, जिच्या मागून हे काम येईल. आंघोळ झाल्यावर. कळव्याहून गाडी सुटल्यावर. देवाला दिवा लावल्यावर. मग त्या दिवशीचा दगड केवढा, ते ठरवा. अजून लहान करा. अजून.

मी गुरुवार घेतला. दुपारच्या चहाचा कप खाली ठेवला की वही उघडायची, आणि एकच ओवी.

“आत्ता?” आई म्हणाली. “अगं, जातं कुठंय?”

जातं केव्हाच गेलं. तिनं डोळे मिटले, काही आठवेना. मग तिनं स्टुलावर मूठ टेकवली आणि खुंटा धरल्यासारखी गोल फिरवायला लागली. दोन फेऱ्या नुसत्याच झाल्या. तिसऱ्या फेरीला शब्द आले. छातीत ते आवळणं आलंच. त्याच्यासकट मी लिहीत राहिले. पहिली ओळ पूर्ण झाली, दुसरी अर्ध्यात अडली.

“राहू दे जागा,” ती म्हणाली. “येईल.”

मी अर्धी ओळ मोकळी सोडली. तिची मूठ अजून फिरत होती.