जकातीच्या कागदावरील खोटा शब्द

प्रेषितांच्या कृत्यांच्या पांचव्या अध्यायांतील हनन्या व सप्पीरा यांची हकीकत आपल्या मंडळ्यांत बहुधा दानाच्या प्रसंगीं वाचली जाते. परंतु नीट पाहिलें असतां ती खोट्या विधानाची हकीकत आहे. जमीन त्यांची होती, विकल्यावर पैसाही त्यांच्याच हातीं होता. सर्व रक्कम आणून द्यावी अशी सक्ती नव्हती, हें पेत्र स्वतःच सांगतो. अपराध पैसा राखून ठेवण्याचा नव्हे, तर थोडी रक्कम पुढें करून ती सर्वच आहे असें भासविण्याचा होता.

हें मनांत येण्याचें कारण असें कीं, परदेशीं नोकरीस गेलेले आपले तरुण सुटीवर येतात तेव्हां कोणी कौतुकानें सांगतो कीं, विमानतळावर मर्यादेबाहेरचें सोनें आपण लिहिलेंच नाहीं. ऐकणारे हसतात. 'सरकारचें असें काय मोठें बुडालें?' हा प्रश्न मग येतोच.

१९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचें १३२ वें कलम हा प्रश्न विचारीतच नाहीं. सीमाशुल्काच्या कामांतील एखादें निवेदन किंवा कागद महत्त्वाच्या बाबतींत खोटा आहे हें जाणून, अथवा तसें मानण्यास कारण असून, जो तो तयार करील, त्यावर सही करील किंवा तो वापरील, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. बुडविलेल्या जकातीचा विचार अन्य कलमांत आहे. येथें दोष आहे तो शब्दाचा. हनन्याचाही तोच होता.

'तसें मानण्यास कारण असून' हे शब्द मात्र गांवकरी बंधूंनीं थांबून वाचावे. आपल्यांतील पुष्कळजण कागद स्वतः लिहीत नाहींत. दलाल लिहितो, कारकून लिहितो, शिकलेला भाचा लिहितो, आणि तो बोट ठेवील तेथें आपण सही करतों. मागाहून म्हणतों, 'मीं वाचलें नाहीं.' एखाद्या निरक्षर विधवेनें असें म्हटलें तर तिला मी दोष देणार नाहीं. भोळेपणीं झालेली चूक निराळी व लबाडी निराळी. परंतु वाचलें तर सही करवणार नाहीं, ह्याच भयानें ज्यानें वाचलें नाहीं, तो अजाण कसा? त्यानें आपलें अज्ञान विकत घेतलें आहे, आणि वर दलालीही दिली आहे.

उपदेशकांची अडचण याहून नाजूक. गांवांत कागद लिहून देणारे पुष्कळदां तेच. १९६१ च्या आयकर कायद्यानें २७७ व्या कलमांत खोटें विवरण देणाऱ्यास कैद सांगितली, आणि पुढच्याच कलमांत तें देण्यास साह्य करणाऱ्यासही. शेजारी गरीब आहे, आंकडा थोडा कमी लिहा म्हणतो. नकार दिला तर दयेचा अभाव दिसतो. माझ्या मतें आंकडा नाकारावा, माणूस नाकारूं नये: खरा कागद लिहून द्यावा, लागल्यास कचेरींत त्याच्यासोबत जावें, आणि भरण्याची रक्कम जड असल्यास मंडळीपुढें त्याची गरज मांडावी.

ज्याची सही पूर्वींच झाली आहे त्याचें काय? आयकराचें विवरण मुदतींत सुधारून देतां येतें. जक्कय तर स्वतः जकातदारांचा मुख्य; चौपट परत करण्याचें त्यानें आपण होऊन कबूल केलें. (सीमाशुल्काच्या कायद्यांत जाणूनबुजून खोटें लिहिणाऱ्यास मालाच्या किमतीच्या पांचपटीपर्यंत दंड आहे, म्हणजे जक्कयाचा दर त्याहून सौम्यच.) सप्पीरेची गोष्ट वेगळी. नवऱ्यामागून सुमारें तीन तासांनीं ती आंत आली, आणि जमीन एवढ्यालाच विकली काय, असें पेत्रानें तिला सरळ विचारलें. त्या क्षणीं खरें सांगण्यास तिला अवकाश होता.