कोणाच्या वेळेवर शिकते आहे मी?

स्वयम् पोर्टलवरचं जुलैचं सत्र आणि आमच्याकडची रोवणी एकाच सुमारास सुरू होते. सत्रं ठरवणाऱ्यांना गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांचं वेळापत्रक ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि माझी त्यांच्याबद्दल तक्रारही नाही. पण आमच्या घरात या दोन्ही गोष्टी त्याच दिवसाचे तेच तास मागतात. अभ्यासाला बसले की मन पहिल्यांदा तिथेच अडतं.

मी आमगाव तालुक्यात राहते. बी.एस्सी. झाले, लग्न झालं, आता धान खरेदीच्या हंगामात खरेदी केंद्रावर ऑपरेटर म्हणून बसते. शेतकऱ्याचा सातबारा, आधार, पासबुक पाहून ऑनलाइन नोंदणी करायची, एवढं काम. हंगाम सरला की काम सरतं. वर्षभराचा पगार हवा, म्हणून डेटा ॲनालिटिक्स शिकायला घेतलं. एनपीटीईएल हा उपक्रम २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून सुरू केला. त्याचे अभ्यासक्रम आज स्वयम् वर मिळतात. आमगावच्या स्वयंपाकघरात बसून आयआयटीच्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. नोंदणीला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर तेवढी परीक्षेची फी.

घरी मी सांगितलं, शिक्षण फुकट आहे. सगळ्यांना बरं वाटलं. पण फुकट आहे ते व्याख्यान. ते ऐकायला जे तास लागतात, ते कुठून तरी येतातच. मी कानाला हेडफोन लावते तेव्हा मोठ्या जाऊबाई बांधीत असतात. पोटरीपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी. उजव्या हाताची बोटं दोन-तीन काड्या सोडवून चिखलात रोवतात आणि पाय एक पाऊल मागे सरकतो. दिवसभर मागे मागेच चालायचं. सासूबाई माझ्या लेकीला जेवू घालतात, झोपवतात. संध्याकाळी जाऊबाई हातपाय धुऊन येतात आणि म्हणतात, “तू शिक बाई, तुझं डोकं चालते. मी पाहून घेतो इकडलं.”

हे त्या मनापासून म्हणतात, त्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती मी ते वाक्य किती सहज घेते याची. दहावी पास झाल्यावर त्यांचं शिक्षण थांबलं. कॉलेज लांब होतं, मग लग्न ठरलं. ज्या बाईला शिकायचं की नाही असं कोणी विचारलंच नाही, तिचं ‘तू शिक’ म्हणणं ही संमती आहे की सवय, हे मला सांगता येत नाही. आणि मी ते शोधायला गेले नाही, कारण उत्तर माझ्या सोयीचं नसण्याची शक्यता होती.

माझे बाबाही असेच घरी राहून शिकले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. ज्यांची बारावी राहिली होती त्यांना पूर्वतयारी अभ्यासक्रम करून बी.ए.ला बसता येत असे, आणि बाबा त्याच वाटेने पदवीधर झाले. रात्री ते मुक्त विद्यापीठाची पुस्तकं घेऊन बसत. सोप्या मराठीत, जणू समोर बसून समजावल्यासारखी लिहिलेली ती पुस्तकं मीही चाळली आहेत. आमच्या घरात बाबांच्या जिद्दीची गोष्ट अनेकदा सांगितली गेली. आई त्या वर्षांत तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात जायची आणि दिवसभर विडीची पानं कापायची, हे त्या गोष्टीत येत नाही. मी स्वतः ती गोष्ट सांगते तेव्हाही येत नाही.

आता प्रमाणपत्राविषयी. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, त्यानंतर एमएस-सीआयटी गावोगावी पोचलं आणि सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागतं हे पोराटोरांना पाठ झालं. त्यातून आमच्यासारख्या कितीतरी मुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला, हे मोठं काम झालं. पण तेव्हापासून एक सवयही लागली: आधी ‘कशाला लागतं’ विचारायचं, मग ‘काय आहे’ ते. माझ्यात ती सवय आहे. माझ्या स्वयम् वरच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो. त्यातले सर्वांत चांगले ८ धरून २५ गुण, आणि केंद्रावर देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेचे ७५. स्वाध्यायाची तयार उत्तरं एका ग्रुपवर फिरतात. मी ती कधी घेतली नाहीत. हे लिहिताना बरं वाटतं, म्हणूनच त्याच्या खाली पाहायला हवं. नागपूरच्या केंद्रावर निरीक्षकासमोर ७५ गुणांची परीक्षा द्यायची नसती, तर मी तो ग्रुप उघडला नसता का? छातीवर हात ठेवून नाही म्हणता येत नाही. माझा प्रामाणिकपणा किती माझा आणि किती निरीक्षकाच्या नजरेचा, हे वेगळं करायला मला अजून जमलेलं नाही.

नोंदणी करून सोडून देणाऱ्यांत मी नाही, याचाही मला अभिमान होता. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नाही. ते वाचून मी खूश झाले होते. पण मला पूर्ण करता आलं ते मी जास्त चिकाटीची म्हणून, की माझी बांधी दुसऱ्या कोणी रोवली म्हणून?

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्याहून जास्त बोचते. डेटा शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हाताखालून टायटॅनिक बोटीवरच्या प्रवाशांची यादी जाते. १९१२ मध्ये बुडालेली बोट. सरावाच्या फाइलमध्ये ८९१ प्रवासी, त्यातल्या १७७ जणांच्या वयाचा रकाना कोरा. कोऱ्या ओळींचं काय करायचं, हा पहिला धडा. एक उपाय म्हणजे त्या ओळी काढून टाकणं. एक छोटी आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं, यादी स्वच्छ. मी ते केलं, उत्तर बरोबर आलं आणि छान वाटलं.

पुढच्या हंगामात केंद्रावर एक आजोबा आले. सातबारावर त्यांचं नाव सुकलू, आधारवर सुखलाल, पासबुकावर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. नोंदणी अडली. मागे रांग, बाहेर ट्रॅक्टरवर धानाचे कट्टे, आभाळ भरून आलेलं. मला त्या क्षणी आठवली ती आज्ञा. न जुळणारी ओळ. ती काढून टाकली की यादी स्वच्छ होते आणि एका माणसाचं वर्षभराचं धान व्यापाऱ्याकडे, हमीभावाच्या खाली जातं. आजोबांना तलाठी कार्यालयात काय द्यायचं, बँकेत कोणता अर्ज करायचा, ते मी कागदावर लिहून दिलं. ते माझं कामच होतं. पण मी ज्या नोकरीसाठी शिकते आहे तिथे ट्रॅक्टर दिसणार नाही, आजोबा दिसणार नाहीत, फक्त ओळ दिसेल. तेव्हाही मी ती ओळ उघडून पाहीन का? की मला हवी आहे ती नोकरी नेमकी याचसाठी, की तिथे रांगेतला माणूस समोर येत नाही? हा दुसरा प्रश्न विचारायला मला वेळ लागला. खरेदीच्या हंगामात माणसांच्या तोंडाकडे पाहून मी थकते, हे खरं आहे. स्क्रीनपुरतं जग बरं वाटतं, हेही खरं आहे.

गावातल्या मुली विचारतात, “ताई, कोणता कोर्स करू?” यातल्या काही सालेकसा तालुक्यातल्या, माझ्या माहेरच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांतून येतात. तिथे फोनला रेंज मिळते ती ठरावीक ठिकाणी उभं राहिलं तर, आणि फोन भावाचा असतो. घरबसल्या लाखो कमवा म्हणणाऱ्या जाहिराती त्यांच्यापर्यंत नीट पोचतात. मी त्यांना फुकटचे, चांगले अभ्यासक्रम सांगते. महागड्या कोर्ससाठी कर्ज काढू नका, असंही बजावते. फक्त एक सांगत नाही: नुसत्या प्रमाणपत्रावर मला अजून एकही नोकरी मिळालेली नाही. त्यांचा उत्साह मोडू नये म्हणून सांगत नाही, असं मी स्वतःला पटवते. खरं कारण हे आहे की त्या मला ‘ताई’ म्हणून विचारतात, ते मला हवंहवंसं वाटतं. यापुढे सांगेन.

यंदा नोंदणी करण्याआधी मी जाऊबाईंजवळ बसले. म्हटलं, ताई, रोवणीचे दिवस वाटून घेऊ, अर्धे माझे. त्या हसल्या, “तुझ्या हातानं बांधी संपन का दिवाळीवरी?” मग मी विचारलं, तुम्हाला काही शिकायचं आहे का? मला वाटलं होतं शिवणकाम म्हणतील, किंवा बचत गटाचा हिशेब मोबाइलवर ठेवायला शिकव म्हणतील. त्या जरा वेळ लसूण सोलत राहिल्या आणि म्हणाल्या, “तो सतरा नंबरचा फॉर्म म्हणतेत, तो बारावीचा, अजून भरता येते का?”

भरता येतो. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल. दाखला त्यांच्या माहेरी, देवरीकडे, ट्रंकेत आहे. तो आणायला मी जाणार आहे. पण फॉर्म भरला की त्यांच्याही अभ्यासाचे तास लागतील आणि ते या वेळी माझ्या वाट्याचे असतील. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते. माझं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होतं. त्या दोन महिन्यांत मी लॅपटॉप बंद ठेवून चूल, पोर आणि उन्हाळी धानाचं पाणी बघेन, असं मी त्यांना सांगितलं आहे. ते पाळेन याची खात्री मला आज देता येत नाही, आणि ती देता येत नाही हे मी त्यांनाही सांगितलं आहे.